विचारा तर खरं : प्रोटीन भोकातून ओढून वाचतात, ते कसं?

गेल्या अंकात शेवटी जागा उरली म्हणून मी चार ओळी टाकल्या होत्या, की डीएनएसारखाच आता प्रोटीनचा एकेक रेणू बारीक भोकातून ओढून वाचायचा, म्हणजे त्याच्या माळेत अमिनो अ‍ॅसिडचे मणी कुठल्या क्रमाने ओवलेत ते लावायचा, प्रयत्न चाललाय आणि भोकातून मिळणारा सिग्नल समजून घ्यायला मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारे प्रोग्रॅम, लावतात. चार ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. दोघांनी तर व्हॉइस नोट पाठवल्या, एक चक्क सात मिनिटांची, मध्येच पोदेराचा हॉर्न वाजतो आणि बोलणारा पाव घ्यायला उठून जातो. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, आणि नाव छापू नका असं दोघींनी कळवलंय म्हणून कुणाचंच छापत नाही.

फोंडा, अकरावीची विद्यार्थिनी : सर, भोक नॅनोमीटरचं असतं एवढं कळलं. पण भोकातून काहीतरी गेलं म्हणजे ते वाचलं असं कसं होईल? मला एकाने सांगितलं ते मायक्रोस्कोपसारखं असतं. मला पटलं नाही.

नाही पटलं ते बरं झालं. मायक्रोस्कोपचा इथे काही संबंध नाही, इथे कोणी काही बघतच नाही.

तू फोंड्याची आहेस म्हणजे दुर्भाट-आडपईकडची खाजनं पाहिली असशील. खाजन म्हणजे नदीकाठची सखल शेतजमीन, तिला बांध असतो, बांधात मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं फाटक, एका बाजूला नदीचं खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला आतलं. माझा मामा मानशीवर राखणीला बसायचा, रात्री काळोख, कंदिलाचा उजेड हातभरसुद्धा पोचत नाही, पण हा विडी ओढत नुसता कान लावून सांगायचा, "शेवाळ अडकलं", नाहीतर "काहीतरी मोठं आलंय, बघ जाऊन". पाणी एकाच अरुंद वाटेने जात असलं की वाटेत जे अडकेल त्याच्या आकाराप्रमाणे खळखळ बदलते, खेकडा अडकला तर थोडी कमी, ओंडका आला तर जवळजवळ बंद, वाट सुटली की परत पहिल्यासारखी. मामाला मासा दिसायचा नाही, त्याला फक्त पाण्याची बदललेली चाल ऐकू यायची.

नॅनोपोअर म्हणजे तीच मानस. बांधाच्या जागी एक पातळ पडदा, त्यात एकच भोक, दोन्ही बाजूंना खारं पाणी, आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाही, खरंच मिठाचं पाणी असतं, बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइडचं. भरतीच्या जोराच्या जागी एक-दोन दशांश व्होल्टचा दाब द्यायचा की पाण्यातले आयन भोकातून वाहायला लागतात, म्हणजे करंट. हा करंट पिकोअँपियरमध्ये मोजतात, आणि एक पिकोअँपियर म्हणजे एका अँपियरचा एक लाख कोटीवा भाग. तुझ्या मोबाइलच्या चार्जरमधून दोनेक अँपियर जातो, त्यावरून अंदाज घे. भोक सगळ्यात अरुंद जागी सव्वा-दीड नॅनोमीटर, डोक्याचा केस ऐंशी हजार ते लाख नॅनोमीटर जाड. त्या भोकातून रेणूचा दोरा ओढला की दोऱ्याचा जाड भाग आला तर करंट जास्त पडतो, बारीक आला तर कमी, आणि कागदावर वरखाली उड्या मारणारी रेषा मिळते. आपण वाचतो ती ही रेषा, रेणू नव्हे.

आणि एवढं बारीक भोक पाडलं कुणी? कुणीच नाही, ते बॅक्टेरियांकडून उसनं घेतलं. गळू करणारा जो स्टॅफिलोकोकस ऑरियस, तो आपल्या पेशींना भोकं पाडायला एक प्रोटीन सोडतो, अल्फा-हिमोलायसिन, सुरुवातीला तेच वापरलं. म्हणजे चोराच्या पिशवीतला गिरमिट काढून आपण त्याचं मोजमापाचं हत्यार केलं. कल्पना तशी जुनी आहे, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड डीमर यांनी १९८९ साली वहीत तिचं चित्र काढलं होतं, डीएनए-आरएनएचे धागे भोकातून खरंच जातात आणि करंट पाडतात हे १९९६ साली छापून आलं, आणि खिशात मावणारं यंत्र संशोधकांच्या हातात पडलं २०१४ ला. पुढे २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या साथीत ते वापरलं, २०१६ मध्ये अवकाश स्थानकावर. पण हे सगळं डीएनए-आरएनएचं. प्रोटीनचं घोडं कुठे अडलंय ते खाली झुआरीनगरच्या पत्राला उत्तर देताना लिहिलंय, ते पण वाच.

पेडणे, निवृत्त नर्स : डीएनए वाचता येतो, सगळी माहिती त्यात असते म्हणता, मग प्रोटीन वेगळं वाचायचा खटाटोप कशाला?

सिस्टर, तुम्ही आयुष्यभर ज्या टेस्टचे रिपोर्ट फाइलला लावलेत त्यातलीच एक घ्या, एचबीएवनसी, लोक तिला तीन महिन्यांची शुगर म्हणतात. ती टेस्ट काय बघते? हिमोग्लोबिनला किती साखर चिकटून बसलीय ते. ही साखर डीएनएत कुठेही लिहिलेली नसते, पेशंटने गणपतीत किती नेवऱ्या खाल्ल्या ते जीनला कसं कळणार. प्रोटीन तयार झाल्यावर त्याला साखर चिकटते, फॉस्फेट लागतं, तुकडे पडतात, आणि पुष्कळ वेळा आजाराची गोष्ट तिथेच घडते. प्रोटीन बनवायची कृती सांगणारे जीन माणसात वीस हजारांच्या आसपास, पण असे बदल धरले तर प्रोटीनची रूपं त्याच्या कितीतरी पट होतात. डीएनए म्हणजे रेसिपीची वही, पातेल्यात काय शिजलंय ते वही वाचून कळत नाही, मीठ दोनदा पडलं तर तेही नाही.

उलट उदाहरणही आहे. सिकल सेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढा एकच मणी बदलतो आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. हा बदल मात्र डीएनएतूनही कळतो. म्हणून एक वाचलं की दुसरं सोडा असं नाही.

झुआरीनगर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी : मी डीप लर्निंग करतोय. हा टाइम सिरीजचा प्रॉब्लेम आहे, डीएनएचं बेसकॉलिंग सॉल्व झालंच आहे, प्रोटीनमध्ये फक्त ४ क्लासच्या जागी २० क्लास. मग एवढी वर्षं का लागतायत?

बाबा रे, तुझ्या त्या "फक्त"वर मी चहा संपेपर्यंत विचार करत बसलो. (बाकीच्यांसाठी : बेसकॉलिंग म्हणजे त्या वरखाली रेषेवरून डीएनएची अक्षरं ओळखणं. डीएनएची अक्षरं चार, प्रोटीनची वीस, तेच याचे क्लास.)

पहिली अडचण कॉम्प्युटरची नाहीच. डीएनएचा धागा सगळीकडून सारखा निगेटिव्ह चार्जचा असतो, त्यामुळे व्होल्टेज दिलं की तो गुमान भोकाकडे येतो. प्रोटीनमध्ये वीस प्रकारची अमिनो अ‍ॅसिड, काही पॉझिटिव्ह, काही निगेटिव्ह, बरीचशी ना पॉझिटिव्ह ना निगेटिव्ह, म्हणजे दोराच्या एका भागाला ओढ, दुसऱ्याला ढकल, तिसरा ढिम्म. त्यात प्रोटीन घडी घालून बसलेलं असतं, आधी ते उलगडायला पाहिजे. आणि मोकळं सोडलं तर धागा भोकातून इतक्या झटक्यात जातो की मोजायला वेळच मिळत नाही. डीएनएमध्येसुद्धा नुसत्या भोकाने काम झालं नव्हतं, धाग्याला ब्रेक लावणारं एन्झाइम भोकाच्या तोंडाशी बसवलं तेव्हा कुठे वाचता यायला लागलं.

मग लोकांनी काय केलं बघ. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०२१ मध्ये प्रोटीनचा छोटा तुकडा डीएनएच्या धाग्याला जोडला, आणि डीएनएवर चालणारं एक एन्झाइम, हेलिकेज, त्याला कामाला लावलं. ते डीएनएवरून एकेक पाऊल टाकत चालतं आणि मागे बांधलेला प्रोटीनचा तुकडा भोकातून वर खेचला जातो, विहिरीतून दोराने कळशी काढावी तसा. एक अमिनो अ‍ॅसिड बदललं तर रेषेत फरक दिसला, आणि तोच एक रेणू पुन्हा पुन्हा वाचून चूक दहा लाखात एकाच्या खाली नेली. पण तुकडा पंचवीसेक अमिनो अ‍ॅसिडचा, कारण दोर जेवढा भोकात पोचतो तेवढंच वाचता येतं. अमेरिकेत सिएटलच्या गटाने वेगळा रस्ता धरला. बॅक्टेरियात क्लिपएक्स नावाची एक मोटर असते, नको असलेली प्रोटीनं उलगडून पेशीच्या कातरीखाली ढकलणं हे तिचं रोजचं काम. तीच मोटर त्यांनी प्रोटीन ओढायला लावली, आणि २०२४ मध्ये शेकडो अमिनो अ‍ॅसिडच्या लांब साखळ्या भोकातून नेऊन, घसरवून, परत ओढून, अशा अनेकदा वाचून दाखवल्या. म्हणजे तुमच्या मॉडेलच्या हातात सिग्नल येतो तो या हमाल मंडळींनी ओझं ओढल्यावर. बातम्यांमध्ये मात्र एआयचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि क्लिपएक्सचं नसतंच, याचा मला थोडा राग आहे हे कबूल करतो.

आता तुझा भाग. भोकाच्या गळ्यात एका वेळी एकच अक्षर नसतं, चार-पाच तरी असतात, प्रोटीनमध्ये त्याहून जास्त. पाच धर. डीएनएमध्ये ४ चा पाचवा घात, १०२४ प्रकार, एवढ्यांचा करंट तक्त्यात मांडून ठेवता येतो, आणि सुरुवातीला तसंच करायचे, तक्ता आणि हिडन मार्कोव्ह मॉडेल, म्हणजे कुठल्या अक्षरानंतर कुठलं येण्याची शक्यता किती ते मोजणारं गणित. प्रोटीनमध्ये २० चा पाचवा घात करून बघ, बत्तीस लाख. वर साखर, फॉस्फेट चिकटलेले प्रकार वेगळेच. तक्ता गेला खड्ड्यात, आणि म्हणून न्यूरल नेटवर्कची गरज, जे बत्तीस लाखांतले काही हजार बघून उरलेल्यांचा अंदाज बांधू शकेल. त्यातून मोटर घड्याळाप्रमाणे चालत नाही, एका जागी रेंगाळते, दुसरीकडे दोन पावलं एकदम टाकते, मध्येच मागे सरकते. सेकंदाला चार-पाच हजार वेळा करंट मोजला तरी एका अक्षराच्या वाट्याला किती मोजमापं येतील ते ठरलेलं नाही. सलग दोन सारखी अमिनो अ‍ॅसिड आली, की एकच आलं आणि मोटर जांभई देत थांबली? रेषा दोन्हीकडे तीच.

आणि शिकवणार कशावर? हा प्रश्न तू विचारलाच नाहीस आणि खरी मेख तिथे आहे. डीएनएत ज्याचा जीनोम आधीच माहीत आहे असा कुठलाही बॅक्टेरिया घ्यायचा, पीसीआरने कॉपी काढायच्या, यंत्रात टाकायच्या, लाखो उदाहरणं उत्तरासकट तयार. प्रोटीनला पीसीआर नाही. एका प्रोटीनच्या हजार कॉपी काढून देणारी झेरॉक्स निसर्गाने ठेवलेलीच नाही, म्हणून उत्तर माहीत असलेले तुकडे प्रयोगशाळेत मुद्दाम बनवून किंवा बॅक्टेरियाकडून करवून घ्यावे लागतात, त्याला पैसे आणि महिने लागतात. चीनमधल्या नानजिंगच्या गटाने २०२४ मध्ये वीसच्या वीस अमिनो अ‍ॅसिड भोकात ओळखून दाखवली, भोकाच्या आत निकेलचा अणू बसवून, आणि मशीन लर्निंगने अचूकता ९८ टक्क्यांच्या वर गेली. सुंदर काम आहे. पण ती सुटी सुटी अमिनो अ‍ॅसिड होती. माळ तोडून मणी वाटीत काढले तर प्रत्येक मणी कुठला ते सांगता येईल, कुणानंतर कोण होता ते वाटी सांगत नाही.

म्हणून "एआय प्रोटीन वाचतं" असं कुणी म्हणालं की विचारायचं, वाचतं की ओळखतं? शाळेत हजेरीपट समोर असताना मागच्या बाकावरचा आवाज ऐकून "हा नाईकांचा" म्हणणं वेगळं, आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं नाव सांगणं वेगळं. यादी माहीत असेल तर त्यातलं कुठलं ते ओळखणं आज बऱ्यापैकी जमतंय. कधीच न पाहिलेलं अख्खं प्रोटीन पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत नॅनोपोअरने वाचणं, ते हे लिहीपर्यंत जमलेलं नाही.

अजून एक, हे तुझ्या प्रोजेक्टला उपयोगी पडेल. पुन्हा पुन्हा वाचून चूक कमी होते ती नशिबाने झालेली चूक. मॉडेलची समजूतच वाकडी असेल तर शंभर वेळा वाचून तेच चुकीचं उत्तर शंभर वेळा ठामपणे मिळेल. आणि एकाच भोकाचा डेटा ट्रेनिंगला आणि त्याच भोकाचा टेस्टला घेऊ नकोस, प्रत्येक भोकाचा स्वभाव थोडा वेगळा असतो, मॉडेल अमिनो अ‍ॅसिडऐवजी भोकच ओळखायला शिकतं आणि तू अचूकतेचा आकडा बघून खूश.

जाता जाता. वळवळणाऱ्या सिग्नलमधून मोजकेच महत्त्वाचे आकार वेगळे काढून बाकीचं सोडून द्यायचं, तुम्ही पीसीए म्हणून शिकता त्याचं सलग सिग्नलवरचं रूप, त्याला पुस्तकात कारहुनेन-लोएव्ह म्हणतात. ते गणित त्या दोघांच्या आधी १९४३ मध्ये दामोदर धर्मानंद कोसंबींनी मांडलं होतं, जन्म १९०७ चा, आपल्याच गोव्यातल्या कोसबेंचा. आता बरेच जण तिन्ही नावं लिहितात. तुझ्या पुस्तकात दोनच असतील तर पेन्सिलने तिसरं लिही.

वेर्णा, औषध कंपनीतला केमिस्ट : आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर आहे, प्रोटीनचं काम व्यवस्थित होतं. हे नवीन आलं की ते भंगारात का?

अजिबात नाही. मास स्पेक, म्हणजे रेणूंच्या वजनावरून ते ओळखणारं तुमचं यंत्र, आज जे काम करतं त्याच्या जवळपासही नॅनोपोअर अजून नाही. त्याची अडचण एवढीच की त्याला एक रेणू पुरत नाही, सारख्या रेणूंची गर्दी लागते. रक्तात अल्ब्युमिन लिटरला चाळीसेक ग्रॅम आणि काही निरोप्या प्रोटीनं त्याच्या अब्जाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे जत्रेच्या गर्दीत एक ओळखीचा चेहरा शोधायचा आणि कॅमेरा फक्त घोळक्यांचेच फोटो काढतो. शिवाय ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचं वजन अगदी सारखं, वजनावर चालणाऱ्या यंत्राला ते सहज वेगळे करता येत नाहीत. भोकाला वजनाशी देणंघेणं नाही, ते आकार बघतं, म्हणून तिथे आशा आहे.

तुम्ही केमिस्ट आहात म्हणून माझी फजिती सांगतो. तरुणपणी एका लॅबमध्ये (कुठल्या ते सोडा) तीन महिने खपून मी जेलमधून एक प्रोटीनची पट्टी कापून काढली आणि मास स्पेकला पाठवली. रिपोर्ट आला, केराटिन. केराटिन म्हणजे त्वचेचं आणि केसांचं प्रोटीन, आणि लॅबमध्ये ज्याची त्वचा ग्लोव्ह न घालता त्या जेलवर वाकली होती तो एकटा मीच. तीन महिन्यांत मी स्वतःला शोधून काढलं होतं, अध्यात्मात याला किंमत असेल, गाइडने मात्र काही दिली नाही. म्हणून सांगतो, यंत्र कितीही नवं येऊ दे, टेबल पुसावंच लागणार.

मडगाव, गृहिणी : या यंत्राने मासळीतलं फॉर्मेलिन कळेल का? २०१८ मध्ये मासळी टिकवायला ते लावतात म्हणून केवढा गोंधळ झाला होता, तेव्हापासून इसवण घेताना भीती वाटते.

ताई, त्याला हे नको. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइड, तो एवढासा रेणू, प्रोटीन नव्हे. त्यासाठी कोचीच्या सीआयएफटी या केंद्रीय संस्थेने कागदी पट्टीचं साधं किट काढलंय, मिनिटा-दोन मिनिटांत रंग बदलतो. मुंगी मारायला जेसीबी कशाला आणायचा.

पण तुमच्या घरात कुणाला सुंगटं (कोळंबी) खाऊन अंगावर गांध्या येत असतील तर तो मात्र प्रोटीनचा विषय, ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन त्याला बहुतेक वेळा कारण असतं. ते शिजवूनही जात नाही, त्यामुळे हुमण नीट उकळलंय म्हणून खा असा आग्रह करू नका.

साखळी, एक वाचक : आमच्या वाड्यावरच्या कॅम्पमध्ये एकाने "एआय प्रोटीन स्कॅन" म्हणून सहा हजार मागितले, बोटाच्या थेंबावरून सगळे आजार आधीच कळतात म्हणाला. करून घेऊ का?

नको. नॅनोपोअरने प्रोटीन वाचून आजार सांगणारी टेस्ट अजून कुठल्या नेहमीच्या लॅबमध्ये मिळत नाही, त्याने थेंबाचं काय केलं असतं देव जाणे. शुगर, बीपी, क्रिएटिनिन सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन करून घ्या. सहा हजार दिले असतील तर पावती मागा, मग बघा त्याचं तोंड कसं होतं.

पुन्हा फोंडा, तीच विद्यार्थिनी (दुसरं पत्र) : सर, विज्ञान प्रदर्शनात हे दाखवायचं आहे. मिठाच्या पाण्यात बॅटरी लावून करू का?

अगं, ते करून बघ पण प्रदर्शनात मांडू नकोस, मिठाच्या पाण्यात वायरी घातल्या की टोकांना बुडबुडे येतात, रीडिंग सरकत राहतं आणि परीक्षक नेमके तेव्हाच येतात. त्यापेक्षा सोपं सांगतो. वीस प्रकारचे मणी आण, गोल, चपटे, लांबट, खडबडीत, आणि एका दोऱ्यात तीसेक ओवून माळ कर, क्रम कागदावर लिहून लपवून ठेव. समोरच्याचे डोळे बांध, त्याच्या दोन बोटांच्या चिमटीतून माळ ओढ आणि चिमट जेवढी उघडते-मिटते तशी त्याने दुसऱ्या हाताने कागदावर रेषा काढायची. मग रेषेवरून क्रम ओळखायला सांग. पहिल्यांदा कुणालाच येणार नाही. हळू आणि सारख्या वेगाने ओढ, थोडं येईल. झटका दे, सगळं बिघडेल, आणि तेव्हा सांग की मोटर कशाला लागते. तीच माळ पाच वेळा ओढून पाच रेषा एकाखाली एक लावल्या की काय फरक पडतो तेही दाखव. शेवटी तुझ्या धाकट्या भावाला आधी दहा-बारा माळा उत्तरासकट शिकवून ठेव आणि त्याला उभा कर, तोच तुझा मशीन लर्निंग. त्याला न शिकवलेला एखादा मणी मध्येच घातलास तर तो काय करतो ते लोकांना बघू दे, मला वाटतं तो बिनदिक्कत काहीतरी ठोकून देईल.

मणी मात्र बाजारातून आण, आईच्या पोतीला हात लावू नकोस.